लॉटरी टीजेत नव्हती, सॅन फ्रान्सिस्कोत होती

रविवारी सकाळी साडेसातला फोन वाजला. पुण्यात तेव्हा संध्याकाळचे पाच, म्हणजे मामांचा चहा झालेला असतो आणि फिरायला निघायला अजून अवकाश असतो. घरच्या ग्रुपवरचे बहुतेक फॉरवर्ड याच वेळेला येतात आणि एरवी मी ते उघडतही नाही. या वेळी मात्र वर मामांची स्वतःची ओळ होती : ‘आपल्या चिऊची शाळा हीच ना? फार वाईट वाटलं. वाचा आणि पुढे पाठवा.’

चिऊ माझी भाची, बहिणीची मुलगी. व्हर्जिनियात फेअरफॅक्स काउंटीत राहते आणि थॉमस जेफरसन हायस्कूल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजी या लांबलचक नावाच्या शाळेत दहावीला आहे. इथे सगळे नुसतं ‘टीजे’ म्हणतात. ग्रुपवर तीही आहे, हे मामांच्या लक्षात नसावं. दुपारी तिचा फोन आला. “मावशी, म्हणजे मी लॉटरीत लागले का?” एवढं एकच विचारलंन आणि गप्प बसली. ती गप्प बसली नसती, तर मी मामांना एक हात जोडलेलं चित्र पाठवून भाजी निवडायला बसले असते.

फॉरवर्डचं शीर्षक ‘अमेरिकेतली एक नंबरची सरकारी शाळा कशी बुडवली’. मजकूर थोडक्यात असा : टीजेने प्रवेश परीक्षा बंद करून लॉटरी आणली. भारतीय मुलांना दार बंद केलं. लॉटरीने आलेली २४ टक्के मुलं पहिल्याच सहामाहीत नापास झाली आणि निम्मी शाळा सोडून पळाली. शाळा पहिल्या क्रमांकावरून चौदाव्यावर घसरली, ‘नॅशनल मेरिट’ या देशभरच्या शिष्यवृत्ती परीक्षेत चमकणारी मुलं निम्म्यावर आली. सुप्रीम कोर्टाने हे सगळं बेकायदा ठरवलं तरी शाळा ऐकत नाही. शेवटी ‘गुणवत्तेची हत्या’, आणि तीन जळते दिवे.

ज्यांना टीजे माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १९८५ मध्ये सुरू झालेली ही सरकारी शाळा. फी नाही. फेअरफॅक्सबरोबर लाउडन, आर्लिंग्टन, प्रिन्स विल्यम अशा शेजारच्या भागांतूनही मुलं येतात. आठवीत अर्ज करायचा, नववीत प्रवेश. चँटिली, हर्नडन, अ‍ॅशबर्न या पट्ट्यातल्या मराठी घरांत मूल पाचवीत गेलं की ‘टीजेचं काय ठरवलंय?’ हा प्रश्न सुरू होतो, गणपतीच्या आरतीच्या रांगेतसुद्धा. २०२० पर्यंत परीक्षा होती. त्या वर्षाच्या ऑक्टोबरात काउंटीच्या शाळा मंडळाने परीक्षा काढून टाकली आणि १७ डिसेंबरला नवी पद्धत मंजूर केली. भांडण तेव्हापासूनचं आहे.

‘लॉटरी आणली’

नाही आणली.

लॉटरीचा प्रस्ताव मात्र खरोखर होता. २०२० च्या सप्टेंबरात त्या वेळच्या शाळा अधीक्षकांनीच तो मांडला होता : ठरावीक पात्रता असलेल्या मुलांची नावं एकत्र करायची आणि सोडत काढायची. पालक खवळले, मंडळानेही तो नाकारला. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने प्रस्तावाची बातमी वाचली आणि निकालाची वाचायचा कंटाळा केला, असं मी समजते. उदार मनाने.

जे मंजूर झालं ते असं. मुलाचा जीपीए, म्हणजे सगळ्या विषयांची सरासरी ग्रेड, किमान ३.५ हवा. आठवीपर्यंत निदान अल्जेब्रा १ हवं, सोबत वरच्या पातळीचे ठरावीक विषय हवेत. मुलाने स्वतःबद्दल प्रश्नोत्तरं लिहायची आणि गणित किंवा विज्ञानाचा एक प्रश्न सोडवून निबंधासारखा मांडायचा. घरची गरिबी, घरी इंग्रजी नसणं, विशेष शिक्षणाची गरज, आजवर टीजेत फारसं कोणी न पाठवलेल्या शाळेत शिकणं, या गोष्टी जमेस धरल्या जातात. तपासणाऱ्याला मुलाचं नाव, वंश, मुलगा की मुलगी, काही दिसत नाही. अर्जावर फक्त क्रमांक असतो. आणि मुख्य बदल : प्रत्येक सरकारी मिडल स्कूलच्या आठवीतल्या मुलांच्या दीड टक्का जागा त्या शाळेतल्या सर्वांत वर आलेल्या अर्जदारांना. राहिलेल्या साधारण शंभर जागा सगळ्यांना खुल्या.

ही पद्धत कोणाला पटेल, कोणाला नाही. निबंधात गुण देणाऱ्याचा कल डोकावतो, ही शंका मलाही आहे, आणि परीक्षा पूर्ण काढून टाकायची काही गरज नव्हती असं मी आजही म्हणते. पण सोडत आणि ही पद्धत यांत फरक आहे, आणि तो मामांना समजायला सर्वांत सोपा. त्यांचा धाकटा मुलगा नवोदयचा. जवाहर नवोदय विद्यालयात जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांसाठी असतात. तो तेव्हा गावच्या जिल्हा परिषदेच्या शाळेतून बसला होता. शहरातल्या क्लासवाल्या पोरांशी सरळ तुलना होऊ नये म्हणूनच ती सोय. ‘आमच्या पोराला लॉटरी लागली’ असं मामा कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. पेढे वाटले होते. नवोदयला परीक्षा असते आणि टीजेला आता नाही, हा फरक मान्य. पण जागा भागवार वाटल्या म्हणजे गुणवत्ता मेली, असं असेल तर ते पेढे परत मागावे लागतील.

‘२४ टक्के नापास’

हा आकडा वाचून मी आधी चक्रावले. टीजेबद्दल असं काही मी कुठे ऐकलं नव्हतं, आणि इथे टीजेबद्दल काही ऐकायचं राहत नाही. किराणा दुकानात मेथीची जुडी उचलताना तीन मतं ऐकू येतात. मग आठवलं. हा आकडा खरा आहे. फक्त शाळा दुसरी आहे.

ती शाळा लोवेल हायस्कूल, सॅन फ्रान्सिस्को. तीही सरकारी, तीही निवडून मुलं घेणारी, टीजेपेक्षा कितीतरी जुनी. तिथे मात्र खरोखर लॉटरी झाली. कोव्हिडमुळे २०२० च्या वसंतात गुणही नव्हते आणि परीक्षाही नव्हत्या, म्हणून तिथल्या शाळा मंडळाने त्या ऑक्टोबरात ठरवलं की २०२१ मध्ये नववीला येणारी मुलं इतर शाळांसारखी सोडतीने घ्यायची. ती तुकडी आली आणि पहिल्या सहामाहीचे गुण लागले. साधारण ६२० मुलांपैकी २४.४ टक्के मुलांना निदान एका विषयात डी किंवा एफ होता. त्याच्या आदल्या वर्षी हे प्रमाण ७.९ टक्के आणि त्याआधी ७.७ टक्के होतं.

हे आकडे मी झाकून ठेवणार नाही. तिपटीने वाढ झाली, आणि सोडतीचा त्याच्याशी संबंध नाही असं म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. सॅन फ्रान्सिस्कोच्या लोकांनीही ओढलं नाही. २०२२ च्या फेब्रुवारीत शाळा मंडळाच्या तीन सदस्यांना मतदारांनी घरी पाठवलं, जूनमध्ये मंडळाने लोवेलला पुन्हा गुणांवर प्रवेश सुरू करायचं ठरवलं.

पण दोन गोष्टी फॉरवर्डने गाळल्या. एक म्हणजे ‘निदान एका विषयात डी किंवा एफ’ याचा अर्थ ‘नापास’ होत नाही. डी हा वाईट ग्रेड आहे, पण पास आहे. दुसरं, ही मुलं आठवीचं जवळजवळ अख्खं वर्ष घरात, पडद्यासमोर बसून शिकली होती. एकाच तुकडीवर सोडत आणि बंद शाळा दोन्ही एकदम आदळल्या. यातल्या कोणाचा वाटा किती, हे त्या एका आकड्यावरून कोणालाच काढता येणार नाही. चिऊच्या शाळेतल्या सांख्यिकीच्या पहिल्याच पाठात हे शिकवत असतील.

आता हा आकडा व्हर्जिनियात आला कसा? कोणीतरी दोन बातम्या एका दमात वाचल्या. लोवेल आणि टीजे ही जोडी इंग्रजी लेखांत नेहमी एकत्र येते : दोन्ही नावाजलेल्या, दोन्हीकडे आशियाई मुलं जास्त, दोन्हीकडे २०२० मध्ये बदल. भाषांतर करताना एक शाळा गळली आणि तिचं पाप दुसरीच्या माथी आलं. लॉटरी त्यांची, नापास त्यांचे, आणि ‘लॉटरीवाली’ म्हणून मान खाली घालायची ती चार हजार किलोमीटरवरच्या चिऊने.

मला सगळ्यांत राग याचा आहे. धोरणावर भांडा, मंडळावर खटले भरा, लोकांनी भरलेही. पण चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीने वर्गात चुकून एक गणित चुकवलं तर तिच्या मनात ‘मी इथली नाहीच का?’ हे यावं, याची व्यवस्था तिच्याच घरच्या ग्रुपने करायची? चिऊच्या शाळेतली मुलंही आपसात वरच्या जुन्या तुकड्या ‘परीक्षावाल्या’ आणि आपण ‘बिनपरीक्षेच्या’ असं बोलायची, तिने मला मागे सांगितलं होतं. थट्टेत. थट्टा कुठे संपते ते मोठ्यांनाही कळत नाही.

‘निम्मी मुलं पळाली’

याला कसलाही आधार दिलेला नाही. बातमी नाही, तक्ता नाही. तरी हे वाक्य सर्वांत लवकर पसरतं, कारण प्रत्येकाला शाळा सोडलेलं एक तरी पोर माहीत असतं.

मलाही आहे. लाउडनमधल्या एका मैत्रिणीचा मुलगा नववी संपवून परत आपल्या जवळच्या शाळेत गेला. इथे त्याला ‘बेस स्कूल’ म्हणतात, म्हणजे टीजे नसतं तर घराच्या पत्त्यावरून जी शाळा मिळाली असती ती. पहाटे बसस्टॉपवर, संध्याकाळी क्लबनंतर अंधारात घरी, त्यात पोहणं सुटलं. पोहणं त्याला टीजेहून प्यारं होतं, इतकंच. आणि तो जुन्या पद्धतीचा, परीक्षा देऊन आलेला होता. टीजेतून बेस स्कूलला परत जाणारी मुलं पूर्वीही होती, आताही आहेत. रिकाम्या झालेल्या जागांवर दहावीला नवी मुलं घेतात. त्यांना ‘फ्रॉशमोर’ असं गमतीदार नाव आहे, आणि ते नाव नव्या पद्धतीच्या आधीपासून आहे. मुलं जातच नसती तर हा प्रकारच निघाला नसता.

‘निम्मी’ हे कुठून आलं असेल याचा मी एक अंदाज करते. नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी ५५० मुलांना प्रवेश देऊ केला. देऊ केला, घेतला नव्हे. त्यातली काही येतच नाहीत : कोणी खासगी शाळेत जातं, कोणी जवळच्या आयबी शाळेत, कोणाचे आईवडील नोकरी बदलून टेक्ससला जातात. हा ५५० चा आकडा धरायचा, वर्षभराने वर्गातली डोकी मोजायची, आणि फरक म्हणजे ‘पळालेले’. असा हिशेब लावला तर लग्नाला आमंत्रण दिलेले सगळे न आलेले पाहुणे रुसलेले ठरतील. शाळेत आज साधारण दोन हजार मुलं आहेत. आधीच्या तुकड्या लहान होत्या, नवी पद्धत आली तेव्हा तुकडी ४८६ वरून ५५० वर नेली. निम्मी पळालेली शाळा वाढेल कशी?

एक अर्धं सत्य इथे आहे आणि मला ते द्यावंच लागेल. नववीत कोणी अल्जेब्रा १ करून येतं, कोणी त्याच्या दोन इयत्ता पुढचं गणित करून येतं. नव्या पद्धतीत पहिल्या प्रकारची मुलं जास्त येणार, हे उघड आहे. त्यांना पहिलं वर्ष जड जातं आणि त्यातली काही परत जात असतील. शाळेने त्यांच्यासाठी जादा तास, मार्गदर्शन नीट ठेवलं नाही तर जबाबदारी शाळेची. पण ‘टीजेत कच्ची मुलं येतात’ ही रड नव्या पद्धतीने जन्माला घातली असं कोणी म्हणू नये. २०१२ मध्ये टीजेतल्याच एका भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये लेख लिहून हीच तक्रार केली होती : आलेल्या मुलांपैकी तिसरा हिस्सा गणित-विज्ञानात जादा मदतीची गरज असलेला आहे. तेव्हा परीक्षा होती. कडक होती. क्लासवाले मालामाल होते.

‘भारतीय मुलांना दार बंद’

याचं उत्तर देताना मला माझ्या मताची गरज नाही. संघीय अपील न्यायालयाचं, म्हणजे फोर्थ सर्किटचं, २३ मे २०२३ चं निकालपत्र आहे. ‘कोअलिशन फॉर टीजे’ या पालकांच्या संघटनेने लावलेल्या खटल्याचा तो निकाल. त्यातले आकडे कोणीही तपासू शकतो, आणि माझ्या लेखी या सगळ्या वादात त्या एका कागदाइतकं वजन दुसऱ्या कशाला नाही.

जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी ४८६ पैकी ३५५ जागा आशियाई मुलांना गेल्या होत्या, ७३ टक्के. नव्या पद्धतीच्या पहिल्या वर्षी ५५० पैकी २९९, म्हणजे ५४ टक्के. घसरण मोठी आहे. एका वर्षात ५६ जागा कमी, तीही एकूण जागा वाढलेल्या असताना. मराठी घरांना ती जाणवली. कोणी ‘काही फरक पडला नाही’ म्हणत असेल तर तोही फॉरवर्डवालाच.

पण ‘दार बंद’? त्या वर्षी अर्ज करणाऱ्यांत आशियाई मुलं ४८.५९ टक्के होती आणि प्रवेश मिळालेल्यांत ५४.३६ टक्के. अर्जांत जेवढा वाटा, त्याहून प्रवेशात जास्त. दार बंद असलेल्या घरात निम्म्याहून अधिक माणसं शिरत नाहीत. शिवाय ‘आशियाई’ म्हणजे ‘भारतीय’ नव्हे. चिनी, कोरियन, व्हिएतनामी, पाकिस्तानी, बांगलादेशी सगळे त्या एका चौकटीत मोजलेले आहेत.

आणि हा आकडा मामांनी दोनदा वाचावा. जुन्या पद्धतीच्या शेवटच्या वर्षी गरीब घरांतली आशियाई मुलं किती आली? एक. अख्ख्या तुकडीत एक. पुढच्या वर्षी एक्कावन्न. सगळ्या वंशांचे मिळून गरीब घरांतली मुलं ४८६ मध्ये ३ होती, ती ५५० मध्ये १३८ झाली. काळी मुलं आधी इतकी थोडी की खासगीपणासाठी आकडाच छापत नसत, दहाच्या आत. ती ३९ झाली. गोऱ्या मुलांचाही वाटा ८६ वरून १२३ वर गेला, हे मी मुद्दाम लिहिते, कारण या बदलाचे समर्थक ते हळूच गिळतात.

ती एक्कावन्न मुलं कोण असतील, याचा विचार मी केला. फेअरफॅक्समध्ये आपल्या ओळखीचे सगळे सॉफ्टवेअरवाले नाहीत. पेट्रोलपंपावर रात्रपाळी करणारे आहेत, रेस्टॉरंटच्या मागच्या बाजूला भांडी घासणारे आहेत, दिवसभर लहान मुलं सांभाळणाऱ्या बायका आहेत. त्यांची मुलंही ‘भारतीय’ याच खान्यात पडतात. ‘आपल्या मुलांवर अन्याय’ म्हणताना फॉरवर्डच्या डोळ्यांसमोर ती नव्हती. माझ्याही नव्हती, निकालपत्र वाचेपर्यंत.

क्लासचं थोडं बोलू द्या. पूर्वी अर्जालाच शंभर डॉलर लागायचे, आणि क्लासला त्याच्या कितीतरी पट. २०१७ मध्ये शाळेने परीक्षा बदलली, का, तर म्हणे तयारी करता न येणारी परीक्षा आणायची. तीन वर्षांत तिचीही तयारी निघाली. २०२० मध्ये इथल्या एका क्लासने आपल्याकडून टीजेत लागलेल्यांची यादी झळकवली होती, सव्वाशेहून जास्त नावं, म्हणजे तुकडीतला दर चौथा मुलगा एकाच क्लासचा. पुण्यात दहावी-बारावीच्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी पेपरचं पहिलं पान उघडल्यासारखं वाटलं. यात त्या मुलांचा दोष शून्य. घासून अभ्यास केला पोरांनी. पण ‘शुद्ध गुणवत्ता’ हा शब्द वापरताना जरा घसा खाकरावा.

आता मला न आवडणारा भाग. जिल्हा न्यायालयाने, न्यायमूर्ती हिल्टन यांनी, फेब्रुवारी २०२२ मध्ये मंडळाच्या विरोधात निकाल दिला होता. त्यात मंडळाच्या दोन सदस्यांचे एकमेकींना पाठवलेले निरोप उघड झाले. या सगळ्यामागे थोडा आशियाईविरोधी सूर आहे, अशी कबुली त्यात होती, वर हसण्याचं ‘lol’. अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एकने तो निकाल फिरवला आणि पद्धत वंशनिरपेक्ष आहे असं म्हटलं. कायद्याने ते मिटलं असेल, पण तो निरोप वाचून माझ्या बहिणीचं रक्त उकळलं होतं आणि मी तिला ‘शांत हो’ म्हणाले नाही. मोठ्या मिडल स्कूलमध्ये, जिथे आपली मुलं दाटीने आहेत, तिथे आठवीत सातशे मुलं असली तर हक्काच्या जागा दहा-अकराच. तिथला पंधरावा मुलगा दुसऱ्या शाळेतल्या पहिल्यापेक्षा हुशार असू शकतो आणि तरी बाहेर राहू शकतो. हे दुःख खोटं नाही. २०२५ च्या मे महिन्यात संघीय शिक्षण खात्याने याच पद्धतीची चौकशी सुरू केली. ज्यांना भांडायचं आहे त्यांना भांडायला जागा आहे. फक्त लोवेलचे आकडे घेऊन जाऊ नका.

उरलेले तीन, भरभर

क्रमांक चौदा. यूएस न्यूजच्या २०२४ च्या यादीत टीजे खरंच चौदाव्या क्रमांकावर आली. पण ती यादी २०२१-२२ या शालेय वर्षाच्या आकड्यांवर बेतलेली. त्या वर्षी बारावीत कोण होतं? २०१८ मध्ये परीक्षा देऊन आलेली तुकडी. नव्या पद्धतीची मुलं तेव्हा नववीत, नवीन दप्तर घेऊन लॉकरचा नंबर शोधत होती. म्हणजे घसरणीचं खापर फोडायचंच असेल तर ते ‘गुणवत्तावाल्यां’वर फुटेल. मी तेही फोडणार नाही, कारण तिसऱ्या आणि चौदाव्या शाळेत दशांशाचा फरक असतो.

नॅशनल मेरिट. हा मुद्दा खरा आहे, दातओठ खाऊन मान्य. उपांत्य फेरीतली मुलं १६५ वरून पुढच्या वर्षी, म्हणजे नव्या पद्धतीच्या पहिल्या तुकडीत, ८१ झाली. अशी परीक्षा एका सकाळी छान देणारी मुलं टीजेत आता कमी आहेत. पण या यादीच्या जागा राज्याराज्यांना त्यांच्या विद्यार्थिसंख्येनुसार वाटलेल्या असतात, देशभरात मिळून साधारण सोळा हजार. टीजेत कमी झाल्या तर व्हर्जिनियातल्याच दुसऱ्या शाळांत वाढल्या. मुलं विरघळली नाहीत. मॅक्लीन, लँग्ली, चँटिली, ओकटन इथे बसली आहेत. टीजेच्या पाटीवरचं तेज उतरलं, हे पाटीसाठी वाईट. मुलांसाठी ते वाईटच, हे मला अजून कोणी दाखवून दिलेलं नाही.

सुप्रीम कोर्ट. त्याने काहीही बेकायदा ठरवलेलं नाही. २० फेब्रुवारी २०२४ ला अपील ऐकायलाच नकार दिला. न्यायमूर्ती अ‍ॅलिटो यांनी कडक शब्दांत असहमती लिहिली, न्यायमूर्ती थॉमस यांनी तिला साथ दिली, आणि फॉरवर्डने ती असहमतीच निकाल म्हणून छापली. हरलेल्या वकिलाचं भाषण वाचून केस जिंकल्याचे पेढे वाटण्यातला प्रकार.

हे सगळं मी मामांना फोनवर सांगणार होते. त्याआधी रात्री ग्रुप उघडला तर चिऊने स्वतःच लिहिलेलं दिसलं, देवनागरीत, ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांसह : ‘मामाआजोबा, ती दुसरी शाळा आहे. सॅन फ्रान्सिस्कोची. आमच्यापासून ४००० किमी.’

पुण्यात तेव्हा सकाळ झाली होती. मामांचं उत्तर लगेच आलं.

‘हो का. बरं. जेवलीस का बाळा?’